विटेतलं तूस कुठे जातं?

भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चिकणमातीत कालवून वीट थापली, तर त्याने पुढे काय करायचं हे वीट भाजणार की नुसती वाळवणार यावर ठरतं. भाजायची असेल तर त्याने जळून जायचं. वाळवायची असेल तर टिकून राहायचं.

चिकणमातीचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्रे. त्यांच्यामधलं पाणी निघून गेलं की ते एकमेकांजवळ सरकतात, वीट आकसते आणि तडकते. पेंढा किंवा काथ्या मिसळलेला असेल तर तडा रुंदावू लागताच धागा दोन्ही काठ धरून ठेवतो. गंमत अशी की हा धागाही पाणी पितो. ओल्या मातीत फुगतो, वाळला की बारीक होतो. मग त्याच्याभोवती केसाएवढी पोकळी राहते आणि पकड सुटते. म्हणून धागे कधी आधी उकळून, तर कधी चुन्याच्या पाण्यात भिजवून घेतात.

भट्टीत वेगळाच प्रकार. साधारण ३०० ते ५०० अंश सेल्सिअसदरम्यान भुसा जळतो आणि जागोजागी छिद्रं सोडून जातो. त्यांतल्या हवेमुळे भिंतीतून उष्णता कमी झिरपते, वीट हलकी होते. शिवाय भुसा विटेच्या पोटातच जळत असल्याने थोडं इंधनही वाचतं. पण छिद्रं वाढली की ताकद घटते आणि वीट जास्त पाणी शोषते. त्यामुळे भुशाचं प्रमाण बहुधा वजनाच्या ५ ते १० टक्क्यांच्या आतच ठेवतात. आच घाईने वाढवली तर आत प्राणवायू पोचत नाही. अशी वीट फोडली की मधोमध काळा गाभा दिसतो.

तुसाची राखही कामाची. तुसाच्या वजनाच्या जवळपास पाचवा हिस्सा राख उरते आणि तिच्यात बहुतांश सिलिका, म्हणजे वाळूचा मुख्य घटक, असते. ६०० ते ७०० अंशांच्या आसपास जाळलं तर ही सिलिका अस्फटिक राहते, म्हणजे तिचे अणू ठराविक रचनेत बांधले जात नाहीत; अशी सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि सिमेंटसारखा बंध तयार होतो. फार तापवली तर तिचे स्फटिक बनतात आणि मग ती चुन्याला फारशी दाद देत नाही. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे, हे लक्षात घेतलं तर या राखेचं मोल कळतं.

पर्यावरणपूरक म्हणवणाऱ्या मातीच्या विटांतही पुष्कळदा सिमेंट असतं. साधी कच्ची वीट पाण्यात विरघळवून पुन्हा थापता येते. सिमेंट घातलं की ही सोय गेली. जोतं उंच आणि वळचण रुंद ठेवून पाऊस भिंतीपासून लांब राखता येत असेल, तिथे ते न घातलेलंच बरं.