डिमिनिश्ड सेव्हंथ कॉर्ड

डिमिनिश्ड सेव्हंथ हा पाश्चात्त्य संगीतातला चार स्वरांचा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचा स्वरसमूह. यातला प्रत्येक स्वर खालच्या स्वराहून तीन अर्धस्वर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या, वर असतो. खानदेशात लग्नाच्या बँडमधला कॅसिओवाला असो की भजनी मंडळातला पेटीवाला, त्याने पांढरी एक, काळी दोन, काळी तीन आणि पांढरी सहा एकदम दाबल्या की हा कॉर्ड वाजतो. पांढरी एकला षड्ज मानला, तर हे स्वर सा, कोमल ग, तीव्र म आणि शुद्ध ध.

हे चारही स्वर मधुवंती रागात आहेत. तिथे ते तंबोऱ्याच्या षड्जावर एकामागून एक येतात, पंचमाचा आधारही असतो, म्हणून गोड लागतात. एकदम वाजले की मात्र कान अस्वस्थ होतो. खानदेशातल्या कानबाई या देवीच्या गाण्यांतही सुरावट एकेका स्वरानेच पुढे जाते. स्वर एकत्र वाजवून ताण उभा करणे ही रीत युरोपातली.

सप्तकाचे बारा अर्धस्वर हा कॉर्ड चार सारख्या भागांत वाटतो. त्यामुळे कोणताही स्वर तळाला घेतला तरी पट्ट्या त्याच राहतात, आणि ऐकायला वेगळे असे डिमिनिश्ड सेव्हंथ तीनच उरतात. दुसरा कोमल रे, ग, प, कोमल नी यांचा. तिसरा नी, रे, म, कोमल ध यांचा. ‘सेव्हंथ’ हे नाव या तिसऱ्यात नीट कळते : नी, सा, रे, ग, म, प, ध असे मोजले की धैवत सातवा येतो, आणि तो कोमल असल्याने अंतर आकसून नऊ अर्धस्वरांचे होते.

याची खरी गंमत सुटकेत, म्हणजे ताण निवळून स्थिर स्वरावर येण्यात, आहे. तिसऱ्या कॉर्डमधला नी अर्धा स्वर चढून सा वर विसावतो. पण तो मान रे ला दिला तर मुक्काम कोमल ग वर, म ला दिला तर तीव्र म वर, कोमल ध ला दिला तर शुद्ध ध वर. एकाच चौकातून चार गावांचे रस्ते फुटावेत तसे हे आहे. पट्टी, म्हणजे गाण्याचा षड्ज, बदलायला इतके सोयीचे साधन दुसरे क्वचितच असेल. कोमल ध अर्धा स्वर उतरवून प केला, तर प, नी, रे, म हा पंचमावर उभा असलेला डॉमिनंट सेव्हंथ कॉर्ड मिळतो आणि सा ची ओढ अधिकच स्पष्ट होते.

जर्मन संगीतकार वेबर याच्या १८२१ मधल्या ‘डेअर फ्रायशुट्झ’ या ऑपेरात सैतानी सामिएलची चाहूल याच कॉर्डने लागते. पुढे मूकपटांच्या साथीला भयाच्या प्रसंगी तो इतका वाजला की गुळगुळीत झाला.

साथीदाराला मात्र तो भीतीपेक्षा सांधा म्हणून जास्त उपयोगी. सा च्या मेजर कॉर्डवरून (सा, ग, प) रे च्या मायनरवर (रे, म, ध) जाताना मध्ये कोमल रे चा डिमिनिश्ड सेव्हंथ क्षणभर वाजवला, की तळाचा स्वर अर्ध्या-अर्ध्या पायरीने वर सरकतो.