स्पिअरमिंट तेल

स्पिअरमिंट तेल : पुदिन्याच्या मेंथा स्पायकाटा या जातीचा पाला वाफेवर ऊर्ध्वपातित करून मिळणारे बाष्पनशील तेल. आपल्याकडे चटणीला वापरतात तो पुदिना बहुधा याच जातीचा. तेल फिकट पिवळे किंवा किंचित हिरवट आणि पाण्याहून हलके असते.

याचा मुख्य घटक कार्व्होन. चांगल्या तेलात तो निम्म्याहून अधिक भरतो, त्याखालोखाल लिमोनीन. मेंथॉल जवळजवळ नसतेच. त्यामुळे पेपरमिंट तेलासारखा झोंबरा गारवा येथे नाही आणि पुदिन्याचे फूलही (मेंथॉलचे स्फटिक) या तेलातून निघत नाही. ते जपानी पुदिन्याचे. कार्व्होनचे रेणू डावे-उजवे, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे, असे दोन प्रकारचे असतात. डाव्याला पुदिन्याचा वास येतो, तर उजवा बाळंतशेपेत सापडतो. अणू आणि त्यांची जोडणी तीच, पण नाकाला मात्र फरक कळतो.

पीक फुलोऱ्यावर येऊ लागले की कापून काही तास सुकत ठेवतात. ओला पाला ढिगात राहिला तर तापून कुजतो आणि तेलाला आंबूस वास लागतो. 100 किलो हिरव्या पाल्यातून साधारण अर्धा किलो तेल उतरते. गंजलेल्या लोखंडी टाकीत ते काळवंडते.

सर्वाधिक खप टूथपेस्ट, च्युइंगगम व माउथवॉशमध्ये. साठवणीतल्या बटाट्यांना कोंब येऊ नयेत म्हणूनही ते वापरतात. घरगुती वापरात वास घेणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग : 100 मिली पाण्याच्या डिफ्यूझरमध्ये (सुगंध हवेत पसरवणाऱ्या उपकरणात) 3-4 थेंब. मालिशसाठी 10 मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात 2 ते 4 थेंब, म्हणजे सुमारे 1 ते 2 टक्के, पुरतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. आंघोळीच्या पाण्यात थेट थेंब टाकणे ही नेहमीची चूक : तेल पाण्यात मिसळत नाही, तरंगते आणि तीव्र स्वरूपातच त्वचेला लागते.

अंगावरचे अनावश्यक केस कमी होतात, हा दावा या तेलाच्या जाहिरातींत हमखास आढळतो. त्यामागचे 2007 सालचे तुर्कस्तानातील आणि 2010 सालचे इंग्लंडमधील लहान अभ्यास पुदिन्याच्या चहाचे आहेत, तेलाचे नव्हेत. दुसऱ्या अभ्यासात हार्मोनांची पातळी बदलली, पण महिनाभरात केसांत मोजण्याजोगा फरक दिसला नाही. म्हणून तेल पोटात घेण्याला त्यांचा आधार देता येत नाही.

कार्व्होनची अ‍ॅलर्जी असलेल्यांना टूथपेस्टमुळेही ओठांवर चट्टे येऊ शकतात. लहान मुलांच्या नाकातोंडाजवळ तेल लावू नये. गरोदरपणी डॉक्टरांना विचारूनच वापरावे. हवा व उजेड लागला की लिमोनीनचे ऑक्सिडीकरण होऊन तेल त्वचेला अधिक बाधते. तपकिरी काचेची बाटली गच्च बुचाने बंद करून थंड जागी ठेवावी. तेल निम्म्यावर आले की लहान बाटलीत ओतावे. दाटसर, उग्र झालेले तेल अंगाला लावू नये.