हार्ड डिस्कवरील पूर्वस्थापित ड्रायव्हर व माहितीपुस्तिका

संगणक कारखान्यातून निघतो तेव्हा त्याच्या हार्ड डिस्कवर विंडोजबरोबरच त्या यंत्राला लागणाऱ्या ड्रायव्हरांच्या प्रती बहुधा भरलेल्या असतात. पुष्कळदा वापरपुस्तिकाही असते. ध्वनी, पडदा, वायफाय, टचपॅड अशा भागांकडून कार्यप्रणाली ज्या प्रोग्रामांमार्फत काम करून घेते, ते ड्रायव्हर. पूर्वी हे सामान सीडीवर मिळे. खोक्यातून सीडी गेली, तसे ते डिस्कवर आले, पण ते तिथे आहे हे अनेकांना ठाऊकच नसते.

फोल्डरचे नाव कंपनीगणिक बदलते. एचपीच्या यंत्रांत सी ड्राइव्हवर ‘एसडब्ल्यूसेटअप’, असुसमध्ये ‘ईसपोर्ट’, एसरमध्ये ‘ओईएम’, डेलमध्ये ‘डेल’, तर थिंकपॅडमध्ये ‘ड्रायव्हर्स’ किंवा ‘एसडब्ल्यूटूल्स’ आढळते. लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपांत ‘लेनोवो’ नावाचा छोटा डी ड्राइव्हच त्यासाठी राखलेला असे. रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोज पूर्ववत करण्यासाठी डिस्कचा राखून ठेवलेला भाग, वेगळे. ते सहसा लपवलेले असते.

यांपैकी काहीच सापडले नाही, तरी विंडोजचे स्वतःचे कोठार असते. व्हिस्टापासून बसवलेल्या प्रत्येक ड्रायव्हरची प्रत विंडोजच्या ‘सिस्टिम३२’ फोल्डरामधील ‘ड्रायव्हरस्टोअर’ फोल्डरात, ‘फाइलरिपॉझिटरी’ या उपफोल्डरात राहते. तिथे सेटअपची फाइल शोधू नये. आयएनएफ ही मजकुरी फाइल कोणत्या भागाला कोणता ड्रायव्हर लावायचा ते सांगते, एसवायएस हा प्रत्यक्ष ड्रायव्हर आणि कॅट फाइलमध्ये डिजिटल स्वाक्षरी असते. विंडोज १० व ११ मध्ये ‘पीएनपीयूटिल’ या आज्ञेने बाहेरून बसवलेले सर्व ड्रायव्हर एकदम पेनड्राइव्हवर काढता येतात. पुढे डिव्हाइस मॅनेजरमध्ये (यंत्राच्या भागांची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी) ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडून तोच फोल्डर दाखवला की काम भागते.

हे सारे फॉरमॅट मारण्यापूर्वी करावे. दुरुस्तीवाल्याकडे संगणक देतानाही हे आवर्जून सांगावे, कारण सगळी पार्टिशने पुसून नवी विंडोज टाकली की हा साठाही जातो. त्यातल्या त्यात वायफाय आणि लॅन कार्डाचा ड्रायव्हर आधी जपावा: तो नसेल तर बाकीचे उतरवून घ्यायला इंटरनेटच मिळत नाही. जुन्यावरच, फॉरमॅट न करता विंडोज टाकली असेल, तर ‘विंडोज.ओल्ड’मध्ये जुने ड्रायव्हर काही दिवस शिल्लक असतात.

पुस्तिका पीडीएफ किंवा सीएचएम (विंडोजच्या मदत-फायलींचे स्वरूप) स्वरूपात असतात. सी ड्राइव्हवर याच प्रकारच्या फायली शोधल्या की बहुधा हाती लागतात. एकच पुस्तिका संपूर्ण मालिकेसाठी लिहिलेली असल्याने तिच्यात दाखवलेला एखादा पोर्ट आपल्या यंत्रात नसूही शकतो. यंत्र खोलण्याची, सुट्या भागांच्या क्रमांकांची सर्व्हिस मॅन्युअल मात्र डिस्कवर क्वचितच ठेवतात.

काहीच उरले नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे उद्गारचिन्ह असलेल्या भागाचा हार्डवेअर आयडी, म्हणजे त्याची ओळख सांगणारी अक्षरांची व आकड्यांची ओळ, पाहावा. त्यात ‘व्हेन’ या अक्षरांपुढे निर्मात्याचा संकेतांक असतो: १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया आणि ८०८६ म्हणजे इंटेल, १९७८ साली तिनेच बाजारात आणलेल्या प्रोसेसरचा क्रमांक.