कागदही चमकतो

संगणकावरची थ्रीडी चित्रं करायला शिकवताना अजूनही सर्रास सांगितलं जातं की कागद, वीट, माठ चमकत नाहीत, त्यांचं स्पेक्युलर (पृष्ठभाग किती चकाकतो ते ठरवणारी सेटिंग) शून्य करा. हे चुकीचं आहे. वहीचं कोरं पान डोळ्यांच्या पातळीला आडवं धरा, पलीकडे उजेडाची खिडकी असू द्या. पानावर पांढुरकी चकाकी दिसेल. समोरून पाहताना काचेचा एक पृष्ठभाग साधारण ४ टक्के, पाणी २ टक्केच प्रकाश परतवतं. नजर तिरपी होत गेली की हे प्रमाण १०० टक्क्यांकडे झेपावतं. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेल याचं हे गणित. माठ निस्तेज दिसतो तो खडबडीतपणामुळे: परावर्तन असतंच, फक्त विखुरतं. म्हणून स्पेक्युलरला हात न लावता रफनेस (खडबडीतपणाची सेटिंग) वाढवा.