दार उघडायला दोन महिने

हिवाळ्यात कधीतरी नांदेड-लातूरकडे बातमी फुटते, अमक्याच्या तुरीत आभाळातून यंत्र पडलं. बघायला सगळं गाव लोटतं. पॅराशूट पसरलेली असते, पेटीवर लिहिलेलं असतं की हात लावू नका, पोलिसांना कळवा. तो बहुतेक वेळा टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद केंद्रातून सोडलेल्या फुग्याचा भार असतो. पातळ पॉलिथिनचा, हायड्रोजनने भरलेला हा फुगा तीसेक किलोमीटर चढतो, वारा नेईल तिकडे सरकतो, आणि काम झालं की खालून रेडिओने आज्ञा देऊन यंत्र त्याच्यापासून तोडलं जातं. आपले जिल्हे या उतरण्याच्या टापूत आहेत.

अशा फुग्यांखाली टांगलेल्या दुर्बिणीवर ज्यांनी काम केलं त्यांत श्याम टंडन हे एक. एक मीटर व्यासाच्या आरशाची ही दुर्बीण दूर-अवरक्त प्रकाश टिपायची. हा प्रकाश म्हणजे ताऱ्यांनी तापवलेल्या धुळीची ऊब. नवे तारे जन्मतात ते धुळीच्या जाड ढगांत. साधा प्रकाश त्यातून बाहेर पडत नाही, ही ऊब पडते. पण आपल्या हवेतली वाफ ती वाटेतच गिळते, म्हणून तीस किलोमीटर वर जायचं. वर जाताना सोळा-सतरा किलोमीटरच्या आसपास शून्याखाली ऐंशी अंशांची थंडी लागते, आणि संवेदक तर द्रवरूप हेलियमने त्याहून कितीतरी थंड ठेवावा लागतो, नाहीतर यंत्राच्या स्वतःच्या उबेतच ताऱ्याची ऊब हरवते. एवढं करून रात्र सरली की सगळं कुणाच्या तरी रानात. मग ट्रक घेऊन शोधायचं, उचलायचं, काय मोडलं ते बघायचं, दुरुस्त करून पुन्हा उडवायचं. शिकायला याहून चांगली शाळा मला तरी दिसत नाही.

पुढे ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत आले आणि तिथल्या उपकरणनिर्मितीला आकार दिला. त्यानंतरचं मोठं काम म्हणजे ॲस्ट्रोसॅटवरची अतिनील दुर्बीण. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला हा भारताचा खगोलशास्त्रासाठीचा पहिला उपग्रह. बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था, आयुका, टाटा संस्था, इस्रो आणि कॅनडाची अवकाश संस्था यांनी मिळून ही दुर्बीण केली, आणि टंडन त्यात अग्रभागी होते. ३७५ मिलिमीटर आरशाच्या दोन दुर्बिणी शेजारी शेजारी. फुग्याखालच्या आरशाच्या निम्म्याहूनही लहान, पण ही एकदा गेली की परत येणार नाही, कुणाच्या रानात उतरणार नाही.

अतिनील प्रकाशाचा खरा वैरी म्हणजे मळ. डोळ्याला दिसणारही नाही असा तेलकट वाफेचा थर आरशावर बसला तरी अतिनील प्रकाश त्यात मुरतो. गोंद, वायरीचं प्लॅस्टिक, रंग, सगळ्यातून पोकळीत अशी वाफ निघत राहते. म्हणून दुर्बीण बंगळुरूजवळ होसकोट्याला धूळमुक्त प्रयोगशाळेत जुळवली गेली, आणि कक्षेत पोचल्यावरही तिची दारं सुमारे दोन महिने बंद ठेवली. उपग्रहातली वाफ निघून जाऊ द्यायची होती. सारा देश पहिल्या चित्राची वाट पाहत असताना दार न उघडणं, ही मला या कामातली सर्वांत कठीण गोष्ट वाटते. नोव्हेंबरच्या अखेरीस दारं उघडली.

दुसरी अडचण डुलण्याची. उपग्रह कितीही स्थिर म्हटला तरी थोडा हलतोच. खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीच्या खिडकीतून फोटो काढला तर जे होतं तेच ताऱ्यांचं व्हायचं. यावरचा उपाय फार सुंदर आहे. संवेदक सेकंदाला सुमारे २९ वेळा वाचला जातो आणि आलेल्या एकेका प्रकाशकणाची जागा नोंदली जाते. त्याच वेळी साध्या प्रकाशाची वाहिनी ओळखीचे तारे बघून उपग्रह किती सरकला ते सांगत असते. मग जमिनीवर बसून प्रत्येक कण त्याच्या मूळ जागी सरकवायचा. चित्र काढलं जात नाही, कण मोजून नंतर रचलं जातं. एकमेकांपासून सुमारे दीड विकला अंतरावरचे तारे यात वेगळे दिसतात. विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग.

प्रक्षेपणानंतरही काम संपलं नाही. एका ताऱ्याकडून किती कण आले म्हणजे तो खरोखर किती तेजस्वी, हे ठरवणारी मापनं २०१७ आणि २०२० मध्ये टंडन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. असं काम बातमीत येत नाही, पण त्याशिवाय एकही आकडा विश्वासाचा नसतो.

२०१८ मध्ये निकट-अतिनील, म्हणजे साध्या प्रकाशाला जवळचा अतिनील टिपणारी वाहिनी बंद पडली. दूर-अतिनील वाहिनीचं काम चालू राहिलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये २८ तास टिपलेल्या आकाशातून आयुकाचे कनक साहा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेचा अतितीव्र अतिनील, म्हणजे फार आखूड लहरींचा प्रकाश वेगळा काढला. कण मोजकेच होते. संवेदकाची स्वतःची खरखर फार कमी होती, म्हणूनच ते दिसले. या दुर्बिणीची निरीक्षणं आता इस्रोच्या संग्रहात खुली आहेत. नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या महाविद्यालयातली मुलगी नाव नोंदवून ती आज रात्री उतरवून घेऊ शकते.