पाळीव सापाला उंदीर नको, तर मग काय?

शाकाहारी साप जगात नाही. तरीही 'उंदराऐवजी दुसरं काय देता येईल?' हा प्रश्न अमेरिका-युरोपातले साप पाळणारे सतत विचारतात. खरं तर अडचण सापाची नाही, फ्रीजमध्ये उंदीर ठेवायला नको म्हणणाऱ्या घरच्यांची आहे.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांचं स्वतंत्र दालन उघडलं, ते जगातलं पहिलं. तिथे सापांना जिवंत ससे आणि पक्षी दिले जात. लोक ते बघायला गर्दी करत, तर प्राणिदयावाले त्यावर चिडत.

उंदीर मुबलक झाले ते प्रयोगशाळांमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावात ॲबी लॅथ्रॉप ही बाई हौशी लोकांसाठी रंगीत उंदीर पैदा करून विकत असे. तिचे उंदीर हार्वर्डच्या संशोधकांकडे गेले आणि पुढे प्रयोगशाळांतल्या कितीतरी वंशांचे पूर्वज ठरले. अशी घाऊक पैदास जमल्यावर सापांसाठी उंदीर मारून गोठवून विकणंही परवडू लागलं. त्यात सापाचाही फायदा होता, कारण जिवंत उंदीर कोंडलेल्या सापाला कुरतडून गंभीर जखमी करू शकतो. गोठवल्याने जंतू मात्र मरतीलच असं नाही. २०१० मध्ये अमेरिकेत साल्मोनेला या जंतूमुळे माणसं आजारी पडल्यावर गोठवलेले उंदीर बाजारातून परत मागवावे लागले होते.

पर्यायी खाद्याची खरी किल्ली १९६७ मध्ये हाती आली. गॉर्डन बर्गहार्ट या संशोधकाने कधीच काही न खाल्लेल्या, नुकत्याच जन्मलेल्या सापांसमोर वेगवेगळ्या भक्ष्यांच्या अर्कात बुडवलेले कापसाचे बोळे धरले. ज्या जातीचं जे नैसर्गिक अन्न, त्याच्याच वासावर पिल्लं जीभ लपलपवत तुटून पडली. म्हणजे भक्ष्य ओळखायला वास पुरतो, आणि ही ओळख उपजत असते. सरडे खाणाऱ्या पिल्लाला उंदराची पिंकी, म्हणजे नुकतंच जन्मलेलं बिनकेसाचं पिल्लू, गिळायला लावायची असेल, तर तिच्यावर सरडा घासायचा, ही साप पाळणाऱ्यांची युक्ती याच तत्त्वावर चालते.

ससा, लावा, बेडूक हाडं-आतड्यांसकट दळून आतड्याच्या वेष्टनात भरलेले सॉसेज हीसुद्धा त्याच वाटेवरची गोष्ट: वास भक्ष्याचा, रूप वेगळं. हाडं का, तर नुसत्या कोंबडीच्या तुकड्यात कॅल्शियम फार कमी असतं. 'चिकन आहेच घरात' हा मार्ग म्हणूनच टिकत नाही. उत्तर अमेरिकेतल्या गार्टर सापांना मासे चालतात, पण गोल्डफिशसारख्या काही माशांतलं एन्झाइम ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. सतत तेच दिलं तर सापाला झटके येतात.

आपल्याकडे 'सापाला काय द्यायचं' याचं ठरलेलं उत्तर दूध. साप ते आवडीने पीत नाही. नागपंचमीच्या आधी उपाशी-तहानलेला ठेवलेला नाग तहानेपोटी पितो, इतकंच. नाग, धामण, अजगर घरी पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदीच आहे. बॉल पायथन, कॉर्न स्नेक असे परदेशी साप मात्र पुण्या-मुंबईतही काही घरांत आहेत, आणि वरचा सगळा खटाटोप त्यांच्याचसाठी.