औषध चालू असताना वजन अडकणं (प्लॅटो)

वजन उतरवायच्या सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड या औषधाचं आठवड्याचं इंजेक्शन नियमित चालू आहे, डोस चुकत नाहीये, आणि तरी बरेच आठवडे वजन जिथल्या तिथे, याला प्लॅटो म्हणतात, साध्या भाषेत वजन अडकणं. एक-दोन आठवडे काटा हलला नाही म्हणजे लगेच प्लॅटो नाही, अंगात साठलेलं पाणी, पाळी, बद्धकोष्ठता (या औषधांनी बऱ्याच जणांना होते) यानेसुद्धा काटा वरखाली होतो.

कारण असं की वजन उतरलं की शरीराला कॅलरी कमी लागतात, वर लेप्टिन (पोट भरल्याची खूण मेंदूला देणारं, चरबीतून येणारं हार्मोन) घटतं आणि भूक वाढते. वजनावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ केविन हॉल आणि सहकाऱ्यांच्या हिशोबाने उतरलेल्या दर किलोमागे रोजचा खर्च २०-३० कॅलरीने कमी होतो पण भूक जवळजवळ १०० कॅलरीने वाढते, म्हणजे खरा जोर भुकेचाच. औषध नेमकी ही भूक दाबून धरतं, म्हणून नुसत्या डाएटपेक्षा इथे प्लॅटो उशिरा येतो, पण येतोच. स्टेप १ या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत २.४ मिलीग्रॅम सेमाग्लुटाइडवर ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं आणि साधारण ६०व्या आठवड्यापासून आलेख सपाट झाला.

म्हणून "औषध लागू पडायचं थांबलं" हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी इंजेक्शन सोडून देणं तर फारच वाईट. स्टेप ४ या दुसऱ्या चाचणीत २० आठवड्यांनंतर ज्यांचं औषध काढून प्लासिबो (औषध नसलेलं खोटं इंजेक्शन) दिलं त्यांचं वजन पुढच्या ४८ आठवड्यांत ६.९ टक्के वाढलं, चालू ठेवलेल्यांचं अजून ७.९ टक्के उतरलं.

आधी डोस बघायचा. सेमाग्लुटाइड ०.२५ पासून पायरीपायरीने २.४ मिलीग्रॅमपर्यंत नेतात, मधल्याच पायरीवर अडकलं असेल तर वाढवायला जागा आहे, पण ते डॉक्टरने ठरवायचं, स्वतःहून नाही. स्टेरॉइड, इन्सुलिन, काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या वजन वाढवतात, तेही डॉक्टरला सांगायचं. बरेच जण घाबरून आधीच कमी झालेलं जेवण अजून तोडतात, हे अजिबात करू नये, कारण उतरणाऱ्या वजनात स्नायूही जातात, त्यापेक्षा पुरेसं प्रोटीन आणि वजनं उचलायचा व्यायाम धरावा, मग काटा थांबलेला असला तरी कंबर कमी होऊ शकते. डोस वरच्या पायरीपर्यंत पोचलाय, बीपी-शुगर सुधारलीय, तर उतरलेलं वजन पुन्हा चढू न देणं हेच आता औषधाचं काम असतं, आणि तब्येतीसाठी अजून उतरवायची गरज असेल तर डॉक्टर औषध बदलायचा किंवा बॅरिअॅट्रिक सर्जरीचा (वजन उतरवायला जठरावर करतात ती शस्त्रक्रिया) विचार करतात.